अणूपासून हवेपर्यंत: शालेय रसायनशास्त्र कोणत्या क्रमानं शिकावं

रसायनशास्त्राच्या धड्यांची एक अडचण आहे. अणूची रचना एका ठिकाणी, संयुजांचा तक्ता दुसरीकडे, रासायनिक बंध पुढच्या इयत्तेत आणि हवेचे घटक तर भलत्याच पुस्तकात. नव्यानं शिकणाऱ्याला हे चार वेगळे विषय वाटतात आणि चारही पाठ करण्याची वेळ येते. माझं ठाम मत आहे की या सगळ्यांत विचारायचा प्रश्न एकच आहे: सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन किती आहेत आणि त्यांच्यावर ताबा कुणाचा आहे? हा प्रश्न धरून गेलात तर मीठ इतक्या उशिरा का वितळतं, पाणी द्रव का असतं, नायट्रोजन कुणाशी सहज का मिसळत नाही, ओझोन इतका नाजूक का, या सगळ्यांची उत्तरं एकाच वाटेवर भेटतात.

या लेखात त्या वाटेचा क्रम आहे. ज्यांनी विषय आत्ताच हाती घेतला आहे किंवा शाळेत अर्धवट सुटलेला पुन्हा धरायचा आहे, त्यांच्यासाठी. सोबत वही, पेन्सिल आणि एक आवर्तसारणी ठेवा. जिथे लिहायला किंवा काढायला सांगितलं आहे तिथे खरोखर लिहा. हा विषय नुसता वाचून डोक्यात राहत नाही.

पहिली पायरी: अणूची मोजदाद

अणूबद्दल सुरुवातीला तीनच आकडे लागतात: प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन किती. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुअंक, आणि मूलद्रव्याची ओळख फक्त तिच्यावरून ठरते. सहा प्रोटॉन असले की तो कार्बनच, अकरा असले की सोडियमच. अणुअंक हा केवळ सारणीतला अनुक्रमांक नसून प्रत्यक्ष मोजता येणारा गुणधर्म आहे, हे हेन्री मोझलीनं १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्यानं दाखवलं.

अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन मिळतात. इथे क्लोरीनचं उदाहरण नक्की करून पाहा. सारणीत त्याचं वस्तुमान सुमारे ३५.५ लिहिलेलं असतं, आणि अर्धा न्यूट्रॉन कुठून आला असा प्रश्न पडतो. निसर्गात क्लोरीनचे सुमारे ७६ टक्के अणू ३५ वस्तुमानांकाचे आणि सुमारे २४ टक्के ३७ चे असतात. ३५ ला ०.७६ नं आणि ३७ ला ०.२४ नं गुणून बेरीज करा, ३५.५ च्या जवळच याल. हे दोघे एकमेकांचे समस्थानिक. दोन्हींत इलेक्ट्रॉन १७ च आहेत, म्हणून रासायनिक अभिक्रियांत दोघे जवळजवळ सारखेच वागतात. वस्तुमान बदललं तरी वागणूक बदलली नाही, म्हणजे वागणूक इलेक्ट्रॉन ठरवतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका निरीक्षणावर उभ्या आहेत.

पुस्तकातल्या चित्राबद्दल एक सावधगिरी. चित्रात अणुकेंद्रक चांगलं ठसठशीत दिसतं. प्रत्यक्षात त्याचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारांश ते लाखांश एवढाच असतो. अर्नेस्ट रदरफोर्डनं १९११ मध्ये हा निष्कर्ष काढला तो सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांवरून: बहुतेक कण आरपार गेले आणि अगदी थोडे मागे उलटले. शिवाय इलेक्ट्रॉन त्या गोल रेषांवरून धावत नाहीत. ती वर्तुळं म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत याचा हिशेब. हिशेब म्हणून त्यांचा उपयोग मोठा आहे, म्हणून ती काढायचीच. फक्त अणू तसा दिसतो असं समजू नका.

दुसरी पायरी: पहिल्या वीसांचं संरूपण हातानं लिहा

सुरुवातीला पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या पुढे जाऊ नका. हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत प्रत्येकाचं इलेक्ट्रॉन संरूपण एका खाली एक लिहा. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८ आणि उरलेले चौथ्यात. कार्बन २, ४. ऑक्सिजन २, ६. सोडियम २, ८, १. कॅल्शिअम २, ८, ८, २. तिसऱ्या कवचाची क्षमता १८ असते असं पुस्तकात वाचून पोटॅशिअमपाशी गोंधळ होतो. क्षमता १८ आहे हे खरं, पण पोटॅशिअमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या कवचातल्या उरलेल्या जागेपेक्षा चौथ्या कवचातली पहिली जागा कमी ऊर्जेची पडते, म्हणून तो तिकडे जातो. सध्या एवढं पुरे.

आता ज्यांचा शेवटचा आकडा सारखा आहे त्यांना एका उभ्या रांगेत मांडा. १ आकड्याच्या रांगेत लिथिअम, सोडियम, पोटॅशिअम येतील. ७ च्या रांगेत फ्लोरीन आणि क्लोरीन. ८ च्या रांगेत निऑन, अरगॉन. हेलिअमकडे दोनच इलेक्ट्रॉन, पण त्याचं एकमेव कवच भरलेलं असल्यानं तोही याच गटातला. तुम्ही आवर्तसारणीचा वरचा भाग स्वतः तयार केलात. दिमित्री मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये हेच काम इलेक्ट्रॉनची कल्पनाही नसताना केलं, कारण इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसनला लागला तो १८९७ मध्ये. मेंडेलीव्हनं गुणधर्म जुळत नाहीत तिथे रिकाम्या जागा ठेवल्या, आणि त्यांतल्या दोन जागा १८७५ मध्ये गॅलिअमनं आणि १८८६ मध्ये जर्मेनिअमनं भरल्या. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मेंडेलीव्हची मांडणी अणुवस्तुमानावर होती. तुमच्या यादीत अरगॉन (३९.९५) आणि पोटॅशिअम (३९.१०) पाहा: वस्तुमानानं लावलं तर पोटॅशिअम आधी येऊन राजवायूंच्या (हेलिअम, निऑन, अरगॉन) रांगेत जाऊन बसेल. अणुअंकानं लावलं की दोघंही आपापल्या जागी.

तिसरी पायरी: संयुजा मोजा, पाठ करू नका

संयुजांचा तक्ता पाठ करायला लावणं ही मला या विषयातली सर्वांत नुकसानकारक सवय वाटते. संयुजा म्हणजे बंध बनवताना एक अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो ती संख्या. पहिल्या वीसांसाठी तक्ता लागतच नाही. बाहेरच्या कवचात १, २, ३ किंवा ४ इलेक्ट्रॉन असतील तर तीच संयुजा. ५, ६, ७ असतील तर आठातून वजा करा. मॅग्नेशिअम २, ८, २, म्हणून संयुजा २. ऑक्सिजन २, ६, म्हणून ८ वजा ६, संयुजा २. फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन काही संयुगांत याहून जास्त संयुजाही दाखवतात, पण सुरुवातीला एवढ्यावर काम भागतं.

सूत्र लिहिताना दोन्ही बाजूंचे हिशेब जुळले पाहिजेत. ॲल्युमिनिअमचा प्रत्येक अणू ३ इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजनचा प्रत्येक अणू २ घेतो. दिलेले आणि घेतलेले सारखे होण्यासाठी सहावर भेटावं लागतं: ॲल्युमिनिअमचे दोन, ऑक्सिजनचे तीन. संयुजांची तिरकी अदलाबदल करायची युक्ती हेच करते, पण आधी दोन-चार सूत्रं अशी इलेक्ट्रॉन मोजून बनवा आणि मगच युक्ती वापरा.

पाठ करायचं ते थोडंच: लोह आणि तांबं यांच्या दोन-दोन संयुजा (लोह २ आणि ३, तांबं १ आणि २), आणि हायड्रॉक्साइड, नायट्रेट, कार्बोनेट, सल्फेट, अमोनिअम हे संयुक्त आयन (इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाल्यानं प्रभार आलेले अणूंचे गट) त्यांच्या प्रभारांसह.

चौथी पायरी: आयनिक बंध आणि एक घट्ट बसलेला गैरसमज

इथे जरा थांबून वेळ द्या. सोडियमकडे शेवटच्या कवचात १ इलेक्ट्रॉन, क्लोरीनकडे ७. सोडियम एक देतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं. अष्टकाची ही कल्पना आणि ठिपक्यांची मांडणी गिल्बर्ट लुईसनं १९१६ मध्ये मांडली. हे सगळं बरोबर आहे, पण यावरून सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची हौसच असते असं चित्र मनात बसतं आणि ते चुकीचं आहे.

आकडे बघा. एक मोल (ही मोजण्याची संख्या आहे, आठव्या पायरीत येईल), म्हणजे २३ ग्रॅम सोडियमच्या सुट्या अणूंकडून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तेवढ्याच क्लोरीन अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की सुमारे ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत तोटाच आहे. त्यात घन सोडियममधून अणू सुटे करण्याचा आणि क्लोरीनचे रेणू फोडण्याचा खर्च धरला तर आणखी सुमारे २२८ किलोज्यूल तोटा. मग मीठ बनतं कसं? इलेक्ट्रॉन दिलेले धन आयन आणि घेतलेले ऋण आयन एकमेकांना ओढत स्फटिकात रचले जातात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळे खर्च वजा जाता सुमारे ४१० किलोज्यूल फायद्यात उरतात. अभिक्रिया घडते ती या हिशेबानं.

मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन देऊन आणखी घट्ट स्फटिक का बनवत नाही? कारण दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या, भरलेल्या कवचातला आहे, आणि तो काढायला सुमारे ४,५६० किलोज्यूल लागतात. एवढा खर्च सोडियमचा तसा स्फटिक भरून देऊ शकत नाही. अष्टकाचं महत्त्व नेमकं या उडीत दिसतं: ४९६ वरून थेट ४,५६०.

मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू असा त्यात दाखवता येत नाही. सूत्र फक्त प्रमाण सांगतं. चहूबाजूंनी ओढ असल्यामुळे मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. घन मिठातून वीज वाहत नाही, कारण आयन जागचे हलत नाहीत. ते वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की वाहते. आयनिक संयुगांचे गुणधर्म पाठ करण्याऐवजी असे या रचनेतून काढून बघा.

पाचवी पायरी: सहसंयुज बंध ठिपक्यांनी काढा

दोन्ही अणूंची इलेक्ट्रॉनवरची पकड मजबूत असेल तर कुणीच सोडत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनची जोडी दोघांच्या मध्ये राहते आणि दोन्ही अणुकेंद्रकं तिला ओढतात. हाच सहसंयुज बंध.

चित्र काढायची रीत अशी. सगळ्या अणूंचे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजून बेरीज करा. मधला अणू ठरवा आणि प्रत्येक शेजाऱ्याला एका जोडीनं जोडा. उरलेले इलेक्ट्रॉन आधी कडेच्या अणूंना देऊन त्यांची अष्टकं पूर्ण करा. शेवटी मधल्या अणूला कमी पडत असतील तर कडेच्या अणूची एकेक जोडी मध्ये सरकवा. कार्बन डायऑक्साइडवर चालवून बघू. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. दोन बंधांत ४ गेले, उरले १२. ते दोन्ही ऑक्सिजनना सहा-सहा. ऑक्सिजनची अष्टकं झाली, पण कार्बनपाशी चारच. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक जोडी मध्ये आणली, आणि दोन्हीकडे दुहेरी बंध तयार झाला.

याच रीतीनं पाणी, अमोनिया, मिथेन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन काढा. नायट्रोजनचे एकूण १० इलेक्ट्रॉन. त्यात तिहेरी बंध येईपर्यंत दोघांची अष्टकं पूर्ण होतच नाहीत. तुमच्या वहीतला तो तिहेरी बंध हवेच्या धड्यात फार कामाला येणार आहे.

ही रीत सर्वत्र चालत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण ११, म्हणजे एक जोडीविना राहणारच. आणि ऑक्सिजनचं ठिपक्यांचं चित्र नीटनेटकं येत असलं तरी द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, कारण त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात एकेकटे असतात. ते समजायला पुढच्या वर्गातला सिद्धान्त लागतो.

आयनिक आणि सहसंयुज यांच्यात पक्की भिंत नाही. इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंगच्या मापावर फ्लोरीन सुमारे ४.०, ऑक्सिजन ३.४, क्लोरीन ३.२, कार्बन २.६, हायड्रोजन २.२ आणि सोडियम ०.९. दोघांतला फरक फार मोठा असेल तर इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाकडेच गेलेला असतो. फरक किरकोळ असेल तर वाटणी समान. अधला-मधला असेल तर बंध ध्रुवीय, म्हणजे इलेक्ट्रॉन एकाकडे जास्त झुकलेले. १.७ च्या आसपास रेघ मारायची पद्धत आहे, ती ढोबळ समजा.

धातूंबद्दल थोडक्यात: तिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात. म्हणून धातूंतून वीज वाहते आणि ठोकलं तरी ते फुटत नाहीत, पसरतात.

सहावी पायरी: बंध तोडायला ऊर्जा लागते

बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर येते, असं अनेक जण म्हणतात. नेमकं उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, आणि नवा बंध बनताना ती बाहेर पडते. पटण्यासाठी एकदा मिथेनच्या ज्वलनाचा हिशेब स्वतः करा. प्रति मोल किलोज्यूलमध्ये सरासरी बंध ऊर्जा अशा घ्या: कार्बन-हायड्रोजन ४१३, ऑक्सिजन-ऑक्सिजन दुहेरी ४९८, कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी ७९९, ऑक्सिजन-हायड्रोजन ४६३.

मिथेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे दोन. तोडायचे बंध: चार वेळा ४१३ म्हणजे १,६५२, आणि दोन वेळा ४९८ म्हणजे ९९६. एकूण खर्च २,६४८. नवे बंध: दोन वेळा ७९९ म्हणजे १,५९८, आणि पाण्याच्या दोन रेणूंत चार वेळा ४६३ म्हणजे १,८५२. एकूण जमा ३,४५०. फरक ८०२ किलोज्यूल, आणि ज्योतीतून उष्णता मिळते ती ही. जुने बंध कच्चे होते, नवे पक्के झाले, त्या फरकातून ती आली. सुरुवातीचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो म्हणून ठिणगी लागते. एकदा पेटलं की मिळणाऱ्या उष्णतेतून पुढच्या रेणूंचा खर्च भागतो.

सातवी पायरी: रेणूचा आकार

कागदावरचं चित्र सपाट असतं, रेणू नसतो. इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात, आणि जास्तीत जास्त दूर जाता येईल अशा जागी बसतात. मिथेनमध्ये चार जोड्या, चारही बंधातल्या, कोन १०९.५ अंश. पाण्यातही ऑक्सिजनभोवती चारच जोड्या, पण दोन एकट्या, म्हणजे कोणत्याही बंधात नसलेल्या. त्या बंधातल्या जोड्यांना जास्त लोटतात, म्हणून कोन आवळून १०४.५ अंश होतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनवर एकटी जोडीच नाही, म्हणून रेणू सरळ रेषेत, १८० अंश.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही रेणूंतले बंध ध्रुवीय आहेत. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बाजूंची ओढ समोरासमोर येऊन रद्द होते. पाण्याचा रेणू वाकलेला असल्यानं ती रद्द होत नाही: ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण प्रभार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, आणि त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. याचा परिणाम किती मोठा आहे ते हायड्रोजन सल्फाइडशी तुलना केली की कळतं. त्याचं रेणुवस्तुमान ३४, पाण्याचं १८. तरी हायड्रोजन सल्फाइड सुमारे उणे ६० अंशालाच उकळतं आणि पाणी १०० अंशाला. बर्फात हे बंध रेणूंना मोकळ्या, पोकळ मांडणीत धरून ठेवतात, म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका होऊन तरंगतो.

आठवी पायरी: समीकरण, मोल आणि सामू

समीकरण संतुलित करताना सूत्रांना हात लावायचा नाही, फक्त पुढचे सहगुणक बदलायचे. ज्वलनाच्या अभिक्रियांत आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन असा क्रम ठेवा. प्रोपेनमध्ये ३ कार्बन आणि ८ हायड्रोजन: कार्बन डायऑक्साइड ३, पाणी ४, उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ६ अधिक ४, म्हणजे १०, म्हणून डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू.

मोल ही मोजण्याची संख्या आहे, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. तेवढे अणू घेतले की त्यांचं वस्तुमान ग्रॅममध्ये अणुवस्तुमानाइतकं भरतं, एवढ्यासाठीच ती निवडली आहे. मिथेनवर लावा: १६ ग्रॅम मिथेन, ६४ ग्रॅम ऑक्सिजन, बनतात ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी. दोन्हीकडे ८०. इंधनापेक्षा त्यातून निघालेला वायू वजनानं जास्त कसा, असं पुष्कळांना वाटतं. वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे.

आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजनचा धन आयन देणारं संयुग, आणि सामू (pH) त्या आयनांचं प्रमाण सांगतो. सामू एकानं उतरला की ते प्रमाण दहा पट होतं. प्रदूषण नसलेल्या पावसाचाही सामू सुमारे ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून कार्बनिक आम्ल बनवतो.

नववी पायरी: आता हवा वाचा

कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के, अरगॉन ०.९३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के. बाष्पाचं प्रमाण जागेनुसार आणि हवामानानुसार बदलतं. हे आकडे पाठ होतीलच. त्यामागची कारणं तुमच्या वहीत आधीच आहेत.

नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला प्रति मोल सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून नायट्रोजन हवेत साचून राहिला आहे आणि सभोवती इतका असूनही वनस्पतींना थेट वापरता येत नाही. विजेचा लोळ तो बंध तोडतो, काही जिवाणू तोडतात, आणि माणसानं ते मोठ्या प्रमाणावर साधलं ते फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीनं: लोहाचा उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ), ४०० ते ५०० अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब. १९१३ मध्ये त्याचा पहिला कारखाना सुरू झाला. खतांसाठी लागणारा अमोनिया आजही मुख्यतः याच पद्धतीनं बनतो.

अरगॉनचं बाहेरचं कवच भरलेलं, म्हणून तो एकेकट्या अणूंच्या रूपात राहतो आणि कशातही गुंतत नाही. हवेत जवळजवळ एक टक्का असूनही तो १८९४ पर्यंत सापडला नव्हता. लॉर्ड रॅलेला हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड आढळला, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो फरक मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला नाही, म्हणूनच त्याला आणि विल्यम रॅम्झीला त्या फरकामागे दडलेला वायू सापडला.

इथे दोन गैरसमज दूर करून घ्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड (४४, हवेची सरासरी सुमारे २९), म्हणून तो वातावरणाच्या तळाशी बसतो असं वाटतं. बंद, स्थिर जागेत तो तळाशी साचू शकतो आणि तसा साचलेला धोकादायक असतो, पण मोकळ्या वातावरणात वारे आणि ऊर्ध्व प्रवाह सगळं ढवळत असतात. सुमारे ८० किलोमीटर उंचीपर्यंत मुख्य वायूंचं प्रमाण जवळजवळ सारखंच राहतं. दुसरा गैरसमज, दमट हवा जड असते. पाण्याचं रेणुवस्तुमान १८. बाष्प जितकं जास्त, तितकी हवा हलकी.

तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या जमिनीलगतच्या थरात, वर जाल तसं दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. त्यावरच्या स्थितांबरात मात्र ते उंचीबरोबर वाढतं, कारण तिथे ओझोन अतिनील किरण शोषून तापतो. तेच किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात, सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो आणि ओझोन बनतो. तीन अणूंतले बंध ऑक्सिजनच्या दुहेरी बंधापेक्षा कच्चे, म्हणून ओझोन सहज फुटतो आणि फुटताना आपल्याला हानिकारक असलेले किरण अडवतो. वातावरणातला सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणला तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल.

या थराला क्लोरीननं कसं पोखरलं ते सातच्या आकड्यावरून समजतं. क्लोरोफ्लुरोकार्बन (कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांची माणसानं बनवलेली संयुगं) खाली कशाशीही अभिक्रिया करत नाहीत, म्हणून ते न बदलता स्थितांबरात पोचतात. तिथे अतिनील किरणांनी क्लोरीनचा अणू सुटतो: सात इलेक्ट्रॉन, एक जोडीविना. तो ओझोनकडून एक ऑक्सिजन घेतो, पुढे तो सुट्या ऑक्सिजन अणूला देतो आणि स्वतः जसाच्या तसा मोकळा होतो. म्हणजे तो उत्प्रेरक आहे, आणि एक अणू ओझोनचे हजारो रेणू संपवू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं, अंटार्क्टिकावरचं ओझोन छिद्र १९८५ मध्ये जाहीर झालं आणि १९८७ मध्ये अशा संयुगांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला.

ओझोनचं छिद्र आणि पृथ्वीची तापमानवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तरपत्रिकांत त्यांची सरमिसळ सतत दिसते, म्हणून हे वेगळं लिहून ठेवा. पहिलीत सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांचा प्रश्न आहे. दुसरीत तापलेल्या जमिनीकडून बाहेर जाणाऱ्या अवरक्त किरणांचा. रेणू कंप पावताना त्याच्या प्रभारांची मांडणी बदलत असेल तरच तो अवरक्त किरण शोषू शकतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन सारख्या अणूंचे; ताणले गेले तरी दोन्ही टोकं सारखीच राहतात, म्हणून ९९ टक्के हवा या किरणांना जवळजवळ पारदर्शक आहे. कार्बन डायऑक्साइड स्थिर असताना त्याची ओढ रद्द होते हे आपण पाहिलं, पण तो वाकला किंवा एका बाजूनं जास्त ताणला गेला की ती रद्द होत नाही. म्हणून इतका थोडा असूनही तो उष्णता अडवतो. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात हवेच्या नळीपेक्षा जास्त तापते हे नोंदवलं, आणि जॉन टिंडल यांनी १८५९ पासून वायूंचं हे शोषण मोजलं. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा सुमारे ३१५. आता ४२० च्या वर.

शेवटी एक गणित वहीत सोडवा. नायट्रस ऑक्साइडमध्ये दोन नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन, क्रम नायट्रोजन-नायट्रोजन-ऑक्सिजन. इलेक्ट्रॉन मोजा: ५ अधिक ५ अधिक ६, म्हणजे १६, कार्बन डायऑक्साइडइतकेच. ठिपक्यांचं चित्र काढा. एकाहून जास्त चित्रं निघतील, तरी रेणू सरळ रेषेतच येईल. मग दोन्ही टोकं सारखी आहेत का ते पाहा आणि हा वायू अवरक्त किरण शोषेल की नाही ते ठरवा. उत्तर होकारार्थी आलं तर बरोबर: शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० किलोंइतकी तापमानवाढ घडवतो.